थोरवाल्डसेनची 'रात्र': संगमरवरी रिलीफ घडतो कसा, बिघडतो कुठे

टाकीचा घाव

रिलीफ, म्हणजे सपाट पाटीवर उठावात घडवलेलं शिल्प. पूर्ण मूर्ती अर्धी भिंतीत गाडली की झाला रिलीफ, ही समजूत अजून बऱ्याच जणांची आहे. तसं केलं की नाक आणि गुडघा पुढे येतात, बाकी सगळं मागे बुडतं. म्हणून हा धागा. चर्चा भरकटू नये यासाठी उदाहरण एकच धरू: शिल्पकार बेर्टेल थोरवाल्डसेनचा १८१५ चा 'रात्र' हा गोल रिलीफ आणि त्याचा जोडीदार 'दिवस'.

थोडी पार्श्वभूमी. थोरवाल्डसेन कोपनहेगनचा. वडील मूळचे आइसलँडचे, जहाजांच्या नाळेवरच्या लाकडी मूर्ती कोरणारे. अकादमीचं सुवर्णपदक १७९३ ला मिळालं, शिष्यवृत्तीवर ८ मार्च १७९७ ला तो रोमला पोचला आणि कायमचा परतला थेट १८३८ ला. रोममध्ये त्याच्यावर मोठा प्रभाव पडला तो आस्मुस याकोब कार्स्टेन्स या चित्रकाराचा, म्हणजे तिथल्याच दुसऱ्या एका परदेशस्थाचा. रंगापेक्षा बाह्यरेषा मोठी, हे वळण तिथून आलं आणि ते रिलीफला नेमकं मानवलं.

आता 'रात्र'. व्यास साधारण ८० सेंमी. पंखवाली देवता मान खाली घालून तरंगते आहे, केसांत अफूच्या बोंडांची माळ, कवेत झोपलेली दोन बाळं, निद्रा आणि मृत्यू. मागे घुबड. उघड्या डोळ्यांनी थेट आपल्याकडे बघणारं शिल्पात तेवढंच. आकाश नाही, ढग नाहीत, मागची पाटी कोरी. फ्लॉरेन्समध्ये गिबेर्तीने बाप्तिस्मागृहाच्या दारांवर रिलीफमध्ये चित्रासारखी खोली आणली होती: लांबची माणसं बारीक, मागे इमारती. थोरवाल्डसेनने ते सगळं टाकून दिलं. आकृती पाटीला समांतर, कडेने दिसणारी, एकाच पातळीत. ग्रीक पद्धत.

खरी गोम थरांत आहे. पंख, धड, बाळं, चेहरा यांच्यात मिळून जेमतेम काही सेंटिमीटर असतात आणि त्यात कोण पुढे, कोण मागे हे गोंधळ न होता कळायला हवं. खोली सगळीकडे सारख्या प्रमाणात दाबली तर आकृती रोलर फिरवल्यासारखी चपटी दिसते. पुढच्या भागांना खोलीचा वाटा जास्त द्यायचा, मागच्यांना अगदी कंजूषपणे. दूरचा पंख तर पाटीवर जवळजवळ रेघेपुरता उरतो.

सरावाला ४० सेंमीचा गोल घ्या आणि जास्तीत जास्त उठाव २ ते २.५ सेंमी ठेवा. त्याहून जास्त घेतला तर सावल्या एकमेकींवर पडतात आणि बाह्यरेषा हरवते. बघणाऱ्याच्या दिशेने रोखलेला हात किंवा पाय या उठावात कधीच जमत नाही. तशी पोझ घेऊच नका.

मृण्मयी

उत्तम विषय. आधी माती, मातीवरून प्लॅस्टर, प्लॅस्टरवरून संगमरवर, असा क्रम असतो. त्यातलं मातीचं मी लिहिते, कारण निम्मी कामं इथेच फसतात.

पाटी १९ मिमी मरीन प्लायची. मागून दोन आडव्या पट्ट्या, नाहीतर ओलीने बाक येतो. दोन्ही बाजूंना शेलॅकचे दोन हात. मग पितळी किंवा गॅल्व्हनाइज्ड खिळे ७-८ सेंमी अंतरावर अर्धेच ठोकायचे आणि त्यांच्यात तांब्याची तार जाळीसारखी विणायची. साधे लोखंडी खिळे नकोत. गंज मातीत उतरतो, तिथून प्लॅस्टरवर डाग.

मातीचा मूळ थर ३-४ सेंमी. ४० सेंमीच्या गोलाला ९-१० किलो माती लागते, 'रात्र'च्या मापाला ४० किलोच्या घरात, कारण व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट. नुसती शाडू घेऊ नका, चिकटपणा कमी पडतो. कुंभारी माती मिसळून मळा आणि मुठीने दाबून भरा. थापून भरली तर आत हवा राहते आणि उभ्या पाटीवरून अख्खी पोळी सुटते.

पाटी उभीच ठेवायची, किंचित मागे कललेली. टेबलावर आडवी ठेवून काम केलं की वरून बघत केलेली खोली भिंतीवर गेल्यावर खोटी वाटते. दिवा एकच, डावीकडून वरून. आणि रोज काही वेळ तो दिवा उजवीकडे नेऊन बघा. एका बाजूच्या प्रकाशात झाकलेल्या चुका लगेच उघड्या पडतात.

माती पूर्ण वाळू द्यायची नाही. ती आकसते, खालचा प्लाय आकसत नाही, मग तडे जाणारच. ओलं फडकं, वरून प्लास्टिक आणि काम झालं की लगेच साचा.

चौकस

बाह्यरेषेच्या कडा पाटीला कशा मिळवायच्या? सगळीकडे काटकोनात उतरवल्या तर आकृती कापून चिकटवल्यासारखी दिसते. सगळीकडे गोलवल्या तर मेणाची वितळल्यासारखी.

मृण्मयी

दोन्ही करायचं, जागा बघून. उजेडाकडची कड हळूच पाटीत विरघळू द्या, सावलीकडची सरळ उतरवा, म्हणजे तिथे स्पष्ट काळी रेघ मिळते. चेहऱ्याची बाह्यरेषा मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत कुठेच विरघळू देऊ नका. ती गेली की चेहराच गेला. आणि कडेच्या आत पोकळ कोरण्याचा मोह आवरा. दोन-तीन ठिकाणी, हाताखाली किंवा वस्त्राच्या चुण्यांत, तेवढंच पुरे.

प्लॅस्टरपंत

साच्याचं काम माझ्याकडे आलं. एकच प्रत हवी असेल तर वेस्ट मोल्ड, म्हणजे शेवटी फोडून टाकायचा साचा.

४० सेंमीच्या गोलाला साडेचार-पाच किलो प्लॅस्टर फक्त साच्याला. प्रमाण १ लिटर पाण्याला १.४ किलो. प्लॅस्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लॅस्टरवर ओतायचं नाही. मिनिटभर भिजू द्यायचं, मग हात तळाशी ठेवून ढवळायचं, फेस येऊ न देता.

पहिला थर ४ मिमी, आणि त्यात थोडी पिवडी किंवा गेरू घालून रंगीत. हातातून झटकून मातीवर उडवा आणि फुंकर मारून चुण्यांत पोचवा. ब्रशने ओढलात तर मातीवरचं बारीक काम पुसलं जातं. तो धरला की त्यावर पातळ मातीच्या पाण्याचा ठिपकेदार हात, मग पांढरा थर २-२.५ सेंमी, आत काथ्या. मातीचं पाणी कशाला, तर फोडताना पांढरा थर रंगीत थरावरून सुटावा म्हणून.

माती काढली, साचा धुतला, की मऊ साबणाचे तीन हात. दर वेळी फेस पुसून घ्यायचा. शेवटी तेलाचा अगदी नावापुरता हात. इथे दोन घोटाळे होतात: साबण चुण्यांत साचला तर कडा बोथट, तेल जास्त झालं तर पृष्ठभाग भुसभुशीत आणि पिवळट.

साच्यात प्लॅस्टर ओतलं, ते धरलं, की साचा फोडणं. बोथट छिन्नी, हलका लाकडी हातोडा, छिन्नी पृष्ठभागाला काटकोनात. रंग दिसला की थांबा, सावध व्हा. नाक, कोपर, गुडघे यांच्यावर साचा सर्वांत पातळ असतो, तिथे घाई करणाऱ्याचं नाक जातंच. प्लॅस्टर धरताना किंचित फुगतं, साधारण ०.२ ते ०.३ टक्के. एका तुकड्यात ते जाणवत नाही, पण लांब पट्टा तुकड्यांत ओतत असाल तर सांधे जुळवताना जाणवतं.

इतिहासवेडा

लांब पट्ट्यावरून: 'अलेक्झांडरचा बॅबिलोनप्रवेश' हा थोरवाल्डसेनचा सर्वांत मोठा रिलीफ, १८१२ चा, सुमारे ३५ मीटर. रोमच्या क्विरिनाल राजवाड्यात नेपोलियन येणार म्हणून घाईने तीनेक महिन्यांत केलेला संगमरवरी पट्टा. नेपोलियन शेवटपर्यंत रोमला आलाच नाही, ही गंमत वेगळीच.

कोपनहेगनकर

एक दुरुस्ती. क्विरिनालचा पट्टा प्लॅस्टरचा आहे. म्हणूनच तीन महिन्यांत झाला. तेवढ्या वेळात ३५ मीटर संगमरवर कोरून होत नाही, कितीही माणसं लावा. नेपोलियनने पॅरिससाठी संगमरवरी आवृत्ती सांगितली, ती अर्धवट असताना त्याचंच राज्य गेलं. पुढे काउंट सोमारीव्हाने ती घेतली आणि आज ती कोमो सरोवरावरच्या व्हिला कार्लोत्तात आहे. दुसरी संगमरवरी कोपनहेगनच्या क्रिस्टियान्सबोर्ग राजवाड्यासाठी झाली आणि १८८४ च्या आगीत तिचं बरंच नुकसान झालं.

चौकस

मग 'रात्र'चं मूळ कुठलं? जगभर प्रती आहेत म्हणे.

कोपनहेगनकर

'मूळ' हाच शब्द इथे जरा अडचणीचा आहे. त्या काळच्या रोममध्ये शिल्पकार माती हाताळायचा, फार तर शेवटचा हात संगमरवरावर फिरवायचा. मधलं सगळं कार्यशाळेचं. थोरवाल्डसेनकडे १८२० च्या आसपास पिआत्सा बार्बेरिनीजवळच्या कार्यशाळांत चाळीसेक माणसं होती. पिएत्रो तेनेरानी, लुईजी बिएनेमे ही त्यांतली मोठी नावं, दोघंही करारा भागातले, म्हणजे दगडातच वाढलेले. गिऱ्हाइकाने मागणी केली की तोच प्लॅस्टर नमुना समोर ठेवून नवा संगमरवर निघायचा. 'रात्र'चा नमुना थोरवाल्डसेनने एका सकाळीत केला अशी आख्यायिका आहे. मातीच्या बाबतीत ते अशक्य नाही. संगमरवराला मात्र महिने लागतात.

त्यामुळे प्रत थोरवाल्डसेनच्या हयातीत, त्याच्या कार्यशाळेत झाली का, हा प्रश्न विचारा. 'त्याने स्वतः कोरली का' याचं उत्तर बहुतेक वेळा अर्धवटच मिळणार.

इतिहासवेडा

म्हणजे सही एकाची, घाम दुसऱ्याचा. याला शिल्पकला म्हणायचं की ठेकेदारी?

टाकीचा घाव

ठेकेदारी म्हणणं अन्याय आहे. प्लॅस्टरमध्ये सगळे निर्णय झालेले असतात: थर, कडा, चुण्या. दगडात त्या निर्णयांशी इमान राखायचं असतं. आणि कारागीर कच्चा असेल तर तो तिथेच उघडा पडतो. कसा, ते सांगतो.

दगड निवडताना हातोडीने हलकेच वाजवून बघा. टणत्कार आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर आहे. मग पाणी मारा. बाकी लादी वाळली तरी चिरेची रेघ ओलसर, गडद राहते. करड्या शिरा एका बाजूला ढकलता आल्या तर ठीक, चेहऱ्यावर येत असतील तर लादीच बदला. मकराणा चालतो, मात्र मोठ्या स्फटिकाचा नको, बारीक कडा झडतात. ४० सेंमीच्या गोलासाठी ४० बाय ४० ची ६ सेंमी जाड लादी: ३.५ पाटीला, २.५ उठावाला. वजन २६ किलो. 'रात्र'च्या मापाचा गोल १० सेंमी जाड धरला तर १३५ किलोच्या आसपास, म्हणजे उचलायला माणसं आणि टेकवायला मजबूत घडवंची आधी ठरवा.

मापं उतरवायला जुन्या काळी तीन कंपास वापरत, पुढे पॉइंटिंग मशीन आलं, म्हणजे सरकती सुई बसवलेली चौकट. तत्त्व एकच. प्लॅस्टरवर तीन पक्के बिंदू, दोन वर, एक खाली, आणि तेच तीन दगडावर. प्लॅस्टरमध्ये पितळी बटणं बसवा. नुसती खूण केलीत तर मशीन पन्नासदा टेकवून ती झिजते आणि मिलिमीटरभर सरकलेला एक बिंदू पुढची सगळी मापं खोटी करतो. सुई प्लॅस्टरला टेकवायची, अडकवायची, मशीन दगडावर न्यायचं आणि सुईचा अडसर लागेपर्यंत छिद्र पाडायचं, पण १.५ मिमी राखून. पाटीवर बिंदू ५-६ सेंमीवर चालतात, चेहऱ्यावर दीड-दोन सेंमीवर हवेत.

क्रम: टोकदार छिन्नी, दातेरी, सपाट, मग कानस. टोकदार छिन्नी दगडाला ४५ ते ६० अंशांत धरायची. काटकोनात ठोकली तर स्फटिक आतपर्यंत चेंगरतात आणि पांढरे ठिपके उमटतात. ते घासून जात नाहीत, उलट पॉलिशनंतर आणखी उठून दिसतात. म्हणून शेवटचे ५-६ मिमी टोकदार छिन्नीला हात लावू द्यायचा नाही, तिथून दातेरी.

सर्वांत जास्त पाहायला मिळणारी चूक: पाटी लवकर अंतिम पातळीला नेणं. मग आकृतीत कुठे मिलिमीटर कमी पडला की मागे सरकायला जागाच उरत नाही. पाटी ३ मिमी राखून ठेवा, आकृती पूर्ण बसली की एकदम खाली न्या आणि सरळ पट्टी लावून तपासा. कोरी पाटी दिसायला सोपी, पण तिच्यावरची अर्ध्या मिलिमीटरची लाट तिरक्या उजेडात लपत नाही.

मृण्मयी

शेवटच्या हाताबद्दल जरूर लिहा. पॉलिश कितपत?

टाकीचा घाव

कमीत कमी. त्याच काळातला रोमचा शिल्पकार कानोवा कातडीची तकाकी आणायचा, थोरवाल्डसेनचा पृष्ठभाग त्यामानाने कोरडा, मंद. रिलीफला मंदच बरा. चकाकी आली की चमकदार ठिपके जिथे दगड वळतो तिथे न पडता दिवा जिथे आहे तिथे पडतात आणि उठाव वाचता येत नाही. बोटभर आकाराचा ओला प्युमिस दगड फिरवा आणि थांबा. पॉलिश पेपर बोटाखाली धरून घासलात तर कडा पहिल्या जातात, कारण बोट मऊ आहे. पेपर लाकडाच्या चपट्या पट्टीला गुंडाळा.

फोर्टातला

मुंबईकरांना हे समोर बघायचं असेल तर फोर्टातलं सेंट थॉमस कॅथिड्रल गाठा. भिंतींवर नवअभिजात संगमरवरी स्मारकं आहेत. १८११ मध्ये वारलेला मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याचं स्मारक धाकट्या जॉन बेकनचं. बेकन लंडनमध्ये बसून काम करायचा, दगड जहाजाने इकडे. म्हणजे इथे परदेशस्थ झालं ते शिल्प, शिल्पकार नव्हे. कोरी पाटी, स्पष्ट बाह्यरेषा, वस्त्राच्या उभ्या चुण्या, हे सगळं ओळखू येईल. थोरवाल्डसेनइतका संयम मात्र नाही. बेकनला गोष्ट सांगायची असते आणि तो एकही तपशील सोडत नाही.

फोटो काढायचे तर फ्लॅश बंद. समोरून उजेड पडला की रिलीफ कागद होतो.

कोपनहेगनकर

उजेडाचं अनुमोदन. थोरवाल्डसेनच्या संग्रहालयात (उघडलं १८४८ ला, वास्तुकार बिंडेस्बोल) लहान दालनांच्या खिडक्या मुद्दाम उंच आहेत, उजेड वरून तिरका येतो. भिंती गडद रंगवलेल्या, त्यामुळे पांढरा दगड वेगळा उठतो. घरी लावताना एकच दिवा, पाटीशी २०-३० अंशांच्या कोनात, वरून एका बाजूने. दोन्ही बाजूंनी दिवे लावले तर प्रत्येक नाकाला दोन सावल्या.

चौकस

घरात जुना संगमरवरी रिलीफ असेल तर साफ कसा करावा? नेटवर लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा असं काय काय लिहिलेलं असतं.

प्लॅस्टरपंत

लिंबू, व्हिनेगर, टाइल क्लीनर: तिन्ही बाद. संगमरवर म्हणजे कॅल्साइट, आम्ल लागलं की पृष्ठभाग अक्षरशः विरघळतो, तकाकी जाते आणि ती परत येत नाही. सोडाही नको, त्याचे कण घासतात आणि क्षार छिद्रांत राहतात.

आधी मऊ, कोरड्या ब्रशने धूळ, वरून खाली. मग डीआयनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, कापसाचा बोळा, तळहाताएवढी जागा, बोळा घासायचा नाही, लोळवायचा. दर वेळी नवा. काळपट डाग हटत नसेल तर कागदाचा लगदा त्याच पाण्यात भिजवून डागावर थापा आणि वाळू द्या. डाग लगद्यात ओढला जातो. आधी कोपऱ्यात करून बघा. मेण किंवा तेल लावू नका, काही वर्षांत पिवळं पडतं.

पृष्ठभाग साखरेसारखा सुटत असेल, बोटाला कण लागत असतील, तर हात लावू नका. तिथे संवर्धक बोलवा.

फोर्टातला

किनाऱ्याजवळ आणखी एक दुखणं: जुन्या रिलीफच्या मागचे लोखंडी आकडे. गंजल्यावर लोखंड फुगतं आणि दगड आतून फाटतो. कडेला तपकिरी डाग आणि त्याला लागून केसासारखी चीर दिसली की डाग पुसत बसू नका, आकडाच बदलायला हवा. नवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचा. आणि सांधे भरताना सिमेंट नको, चुना वापरा. सिमेंट ओल अडवतं, मग ती दगडातून बाहेर पडते आणि येताना क्षार घेऊन येते.

इतिहासवेडा

बाजारात 'थोरवाल्डसेन संगमरवरी' म्हणून लहान गोल विकायला असतात. त्यांचं काय?

कोपनहेगनकर

बहुतेक संगमरवर नसतातच. बिंग अँड ग्रोंडाल ही कोपनहेगनची कंपनी १८५३ ला सुरू झाली तीच थोरवाल्डसेनचे रिलीफ बिस्किट पोर्सेलेनमध्ये काढत. बिस्किट म्हणजे चकाकी न दिलेलं, मंद पांढरं. मागे बघा: कंपनीचा शिक्का असेल आणि पाठ साच्यातली असेल तर पोर्सेलेन. संगमरवराच्या पाठीवर करवतीच्या किंवा छिन्नीच्या खुणा असतात. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम किंवा अलाबास्टर, संगमरवरावर नख चालत नाही. हाताला लगेच थंड लागत नसेल आणि मापाच्या मानाने हलका असेल तर दगडाची पूड घातलेलं रेझिन. भिंगातून चुण्यांच्या तळाशी गोल बुडबुडे दिसले तर प्रश्नच मिटला, दगडात बुडबुडे नसतात. ही सगळी तपासणी मागच्या बाजूला, समोर नाही.

चौकस

शेवटचं एक. २६ किलोची लादी भिंतीवर टांगायची कशी? वर दोन हुक पुरतील?

टाकीचा घाव

टांगायचीच नाही, टेकवायची. गोल कापून ती २० किलोच्या आसपास उरेल, तरी ते सगळं वजन खालच्या दोन स्टेनलेस कंसांवर. गोलाच्या तळाशी घड्याळातल्या पाच आणि सातच्या जागी, दगड आणि धातूमध्ये शिशाचा किंवा निओप्रीनचा पातळ तुकडा. वर दोन पिना फक्त पुढे झुकू नये म्हणून, पाठीमागून दगडात ३ सेंमी खोल, पण पाटी जिथे पूर्ण जाड आहे आणि समोर चुणी खोल कोरलेली नाही अशाच जागी. भिंत विटेची असेल तर गिलाव्यात नाही, विटेत अँकर घ्या. पोकळ ब्लॉकची असेल तर केमिकल अँकर जाळीच्या बाहीसह. मागे ५-६ मिमी हवा खेळती राहू द्या, पावसाळ्यात भिंत ओल धरते.